हाताला दिसतं ते

“घालून तर बघ,” म्हणत जयसिंगनी माझ्यासमोर काहीतरी काळं धरलं.

मी हात पुढे केला. बोटांनी त्याच्या दोन्ही काड्या अलगद धरल्या तेव्हा कळलं, चष्मा आहे. काळ्या काचांचा. मग त्यांनी पिशवीतून आणखी एक वस्तू काढली. ती पांढरी आहे, एवढंच मला दिसलं. हातात घेतली तर काठी निघाली. घडीची. आंधळी माणसं रस्त्यानं टेकवत जातात ना, तसली.

“हे कशाला?”

“उद्या चौकशीला जाताना लागंल. सांगलीहून मुद्दाम आणलंय.”

“मला काठी लागत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे गं. त्यांना कुठं माहीत आहे?” जयसिंग माझ्यासमोर पाटावर बसले. आवाज एकदम खालून यायला लागला म्हणून कळलं. “नीट ऐक. दारातनं आत जाताना चौकटीला जरा धडकायचं. लागंल असं नको, पण आवाज झाला पाहिजे. खुर्ची चाचपडत शोधायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात मांडीखाली दाबून बसायचं. भाऊसाहेब काहीतरी फेकणार.”

“कुणी सांगितलं?”

“त्यांच्या ड्रायव्हरनं. त्या दिवशीचा चेंडू त्यांनी बघितलाय, तो त्यांच्या डोक्यातनं जात नाही. ते फेकतील, तू झेलायचं नाहीस. पडू दे. एवढं केलंस की नोकरी वाचली.”

“म्हणजे खरं पटावं म्हणून मी खोटं वागायचं.”

“एक दिवस वागायचं. कुणाचं काय जातंय त्यात?”

मी काठीची घडी घातली. एकेक सांधा बरोबर मिटत गेला. जयसिंग ते बघत असणार. बघताना त्यांच्या मनात काय येत होतं ते मला चांगलं माहीत होतं.

आता मागचं सांगायला हवं.

मी, विजयमाला शेवाळे, विट्यातल्या एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. माझे यजमान जयसिंग दूध संघात. व्हॉलीबॉल हा माझा खेळ. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघात होते, आणि शाळेत लागल्यावर पोरींना जमिनीवर झोकून देऊन चेंडू उचलायला मी शिकवलं. त्यांच्या आया तक्रार घेऊन यायच्या, गुडघे फुटतात म्हणून. मी म्हणायचे, फुटू द्या, गुडघे भरून येतात.

त्या वर्षी थंडी फार पडली होती. न्हाणीघराच्या झरोक्यातून वारा यायचा म्हणून जयसिंगनी तिथं पुठ्ठा ठोकला. आत गॅसचा गिझर होता, त्याचा विषारी वायू कोंडत गेला. वास नाही, धूर नाही. अंगावर गरम पाण्याचा तांब्या ओतून घेतला, इतकंच मला आठवतं. आतून उत्तर येईना म्हणून जयसिंगनी खांद्यानं दार फोडलं आणि मला उचलून बाहेर काढलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर ही गोष्ट सांगायला मी नसते.

शुद्धीवर आले तेव्हा सगळा अंधार होता. हळूहळू रंग परत आले. लुगड्याचा हिरवा, हळदीचा पिवळा. स्टीलची चमक आली, लाकडाचा खरखरीतपणा आला. आकार मात्र आले नाहीत ते नाहीतच. हे कुणाला समजावून सांगणं अवघड आहे. ताट समोर आलं की मला चमक दिसायची, वरणाचा पिवळा, भाताचा पांढरा दिसायचा. ताट दिसायचं नाही. एक वस्तू कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते, ती रेघच कुणीतरी पुसून टाकली होती. अक्षरं म्हणजे मुंग्या. जयसिंगांचा चेहरा म्हणजे गव्हाळ रंग आणि वर काळं. ते बोलले की मग ते जयसिंग व्हायचे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून सगळं तपासलं आणि म्हणाले, “डोळे तर उत्तम आहेत.” तसं लेखीही दिलं.

आणि माझे हात चुकत नव्हते. हीच सगळी पंचाईत.

एकदा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसले होते. दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. निळा शर्ट होता. “कोण?” मी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. माणूस जवळ आला आणि त्यानं काहीतरी चमकतं पुढे केलं. माझा हात गेला, बोटं गोल झाली, आणि पाण्यानं भरलेला तांब्या मी थेंबही न सांडता धरला.

“माझं तोंड कळत नाही,” जयसिंग म्हणाले, “आणि तांब्या कळतो?”

“तांब्याही कळला नाही हो. हातात आला तेव्हा कळला.”

“मग हात बरोबर गेला कसा?”

मला सांगता येईना. मलाच माहीत नव्हतं. ते नवा शर्ट घालून मुद्दाम न बोलता उभे राहिले होते, एवढं मात्र मला समजलं.

पुढं कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही मिरजेला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मेंदूच्या डॉक्टर. नाव मुजावर. वयानं तरुण, बोलणं फटकळ. त्यांनी माझ्यासमोर एक पट्टी धरली. पिवळी होती.

“उभी धरलीय की आडवी?”

“कळत नाही.”

“अंदाजानं सांगा.”

“उभी.”

“आडवी आहे. आता?”

मी पुन्हा चुकले. आणखी दोनचारदा विचारलं, कधी बरोबर, कधी चूक. जयसिंग शेजारी बसून ऐकत होते. मग डॉक्टर म्हणाल्या, “आता सांगू नका. नुसती घ्या माझ्या हातातून.”

मी घेतली. त्यांनी ती तिरकी धरली, पार उलटी धरली, खाली नेली, बाजूला नेली. प्रत्येक वेळी वाटेतच माझं मनगट हवं तेवढं वळायचं आणि पट्टी बोटांत यायची.

डॉक्टर हसल्या. “शेवाळे बाई, डोळ्यांत आलेलं सगळं आधी मेंदूच्या मागच्या भागात जातं. तिथून दोन वाटा फुटतात. एक खालच्या अंगानं जाते. समोरचं काय आहे, कोण आहे, ते ती ओळखते. दुसरी वर टाळूकडे जाते. तिला नावागावाशी देणंघेणं नाही. वस्तू कुठं आहे, केवढी आहे, हात कसा न्यायचा, बोटं किती उघडायची, एवढंच तिचं काम. तुमची खालची वाट त्या गॅसनं बंद केली. वरची चालू आहे.”

“म्हणजे मला दिसतं की नाही?”

“तुमच्या हाताला दिसतं. तुम्हाला दिसत नाही.”

मला रडू आलं. दुःखाचं नव्हे. कुणीतरी पहिल्यांदा मला वेडी किंवा लबाड न ठरवता सांगितलं होतं.

परतीच्या एसटीत जयसिंग म्हणाले, “हुशार आहेत डॉक्टरीणबाई.” आणि खिडकी ओढून लावली.

मी रजेवर होते. शाळेच्या क्रीडा महोत्सवाला पोरींनी फारच आग्रह केला म्हणून गेले, पाहुण्यांच्या रांगेत बसले. सामना चालू असताना कुणाचा तरी फटका चुकला. मला एवढंच जाणवलं, की पांढरं काहीतरी वाढत वाढत येतंय. हात आपोआप वर गेला आणि चेंडू तळव्यात बसला. पोरींनी टाळ्या पिटल्या. मीही हसले, उठून चेंडू परत फेकला. सर्व्हिस करणाऱ्या पोरीनं हाक मारली होती, नेमका तिच्या हातात गेला.

माझ्यापासून चार खुर्च्या सोडून भाऊसाहेब निकम बसले होते. आमच्या संस्थेचे अध्यक्ष. जुन्या तालमीतला माणूस, आवाज मोठा, संशय त्याहून मोठा. त्यांनी दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र मागवून घेतलं, आणि आठवडाभरात चौकशीचा निरोप आला. गावात बातमी त्याआधीच पोचली होती. शेवाळे बाई नाटक करतात. घरी बसून पगार खायचाय.

तर ती चष्म्याची आणि काठीची संध्याकाळ.

मी जयसिंगना विचारलं, “लोकांचं राहू द्या. तुम्हाला पटतं का?”

“आता हे काय मधेच?”

“सांगा ना.”

“मी दार फोडून तुला बाहेर काढलंय, विजू.”

“ते मला माहीत आहे. मी वेगळं विचारतेय.”

बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. जयसिंग उठले. “सकाळी लवकर निघायचंय,” म्हणाले, आणि चष्मा-काठीची पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवली.

सकाळी मी आंघोळ केली, साधी सुती साडी नेसले, आणि पिशवीला हात न लावता पायऱ्या उतरले. जयसिंग मागं थबकले. पिशवी घ्यावी की न घ्यावी, असं त्यांच्या मनात चाललं असणार. मग नुसतंच कुलूप लावल्याचा आवाज आला.

“तुझ्या मनानं चाललीयस,” ते म्हणाले.

“हो.”

“हात तरी मांडीखाली ठेव. तेवढं ऐक माझं.”

मी चालायला लागले.

चौकशी मुख्याध्यापिकांच्या खोलीत होती. आत भाऊसाहेब आणि मुख्याध्यापिका लोखंडे बाई. मला वाचता येत नसल्यामुळे जयसिंगना सोबत बसायची परवानगी मिळाली होती. ते मागच्या बाकावर बसले.

“या बाई,” भाऊसाहेब म्हणाले. “बसा.”

मी गेले, खुर्ची ओढली आणि बसले.

“बघा मॅडम,” भाऊसाहेब लोखंडे बाईंना म्हणाले, “खुर्ची सापडली.”

“मी सापडत नाही म्हटलेलंच नाही,” मी म्हणाले.

“बरं. डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत. ही त्यांची सही. तुमची दुसरी डॉक्टरीण म्हणती मेंदू. आम्ही साधी माणसं. आमचं म्हणणं एवढंच, की एका माणसाला एक तर दिसतं, न्हाईतर दिसत न्हाई. हे काय आहे?”

त्यांनी काहीतरी वर धरलं.

“लाल आहे. थोडं चमकतंय.”

“आहे काय पण?”

“नाही सांगता येत.”

“पंचिंग मशीन आहे. पहिलीतली पोरगी सांगंल.”

“पहिलीतल्या पोरीच्या मेंदूला गॅस लागलेला नाही, भाऊसाहेब.”

लोखंडे बाईंनी खोकल्यासारखं केलं. भाऊसाहेबांची खुर्ची करकरली. ते मागं रेलले असावेत. मला वाटलं आता आणखी काही विचारतील. त्यांनी विचारलं नाही. टेबलाच्या पलीकडे काहीतरी हललं, आणि एक हिरवा ठिपका सरळ माझ्या तोंडावर येत मोठा झाला.

लोखंडे बाई “अहो!” म्हणून ओरडल्या.

माझ्या मुठीत गार, जड, गुळगुळीत काच होती. कागदावर ठेवायचं वजन. नाकासमोर वीतभर अंतरावर हात थांबला होता. तळवा झिणझिणत होता.

भाऊसाहेब मोठ्यानं हसले. टेबलावर थाप मारली. “झालं! लिहा मॅडम. बाईंना दिसतं. रजा खोटी. आता डॉक्टरीणबाईंचं पत्र घेऊन काय करायचं ते शेवाळे बाईंनी करावं.”

मागं बाकावर जयसिंगनी श्वास सोडला. “सांगत होतो,” ते पुटपुटले. माझ्यापुरतंच.

मी उठून उभी राहिले आणि ती काच टेबलावर ठेवली. बेताची, आवाज न करता.

“लिहिण्याआधी एक विचारू?”

“विचारा की.”

“समजा, मी खरंच लबाड बाई आहे. मला सगळं दिसतं, आणि नोकरी राखून घरी बसायला मिळावं म्हणून मी दिसत नाही म्हणतेय. तुम्ही हे फेकलंत. ते येताना मला दिसलं. मी काय करायला हवं होतं?”

मी लोखंडे बाईंकडे वळले.

“मॅडम, तुम्ही सांगा.”

लोखंडे बाईंचं पेन कागदावर थांबलं होतं. “पडू द्यायला हवं होतं,” त्या हळूच म्हणाल्या.

“पडू द्यायला हवं होतं. नाहीतर कपाळावर घ्यायला हवं होतं. रक्त आलं असतं, तुम्ही दोघं घाबरला असता, आणि आज संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांची खात्री पटली असती. भाऊसाहेब, तुम्ही काहीतरी फेकणार हे मला कालच कळलं होतं.”

“कोण म्हणालं?”

“ते राहू द्या. कळलं होतं. हात मांडीखाली दाबून बस, असंही मला सांगितलं होतं. घरी दाराच्या खिळ्याला एक पिशवी आहे. त्यात काळा चष्मा आहे, पांढरी काठी आहे. ते घालून, चौकटीला धडकून मी आत आले असते, तर तुम्ही स्वतः उठून मला खुर्ची दिली असती. मी यातलं काही केलं नाही. हात उघडे ठेवून बसले. कारण मला झेलता येतं हे खरं आहे. आणि काय झेललं ते मुठीत येईपर्यंत मला कळत नाही, हेही खरं आहे. मला दोन्ही सांगायचंय. तुमच्या कागदावर एकच मावतं म्हणून मी दुसरं टाकून देणार नाही.”

“पिशवी कुणी दिली?” भाऊसाहेबांचा आवाज उतरला होता, पण हट्ट तोच.

“ते विचारू नका.”

“चौकशीत विचारावं लागतं. कुणी शिकवलं तुम्हाला?”

मागं बाक सरकला.

“मी,” जयसिंग म्हणाले.

मी वळले. गव्हाळ रंग होता, पांढरा शर्ट होता. चेहऱ्यावर काय होतं ते मला कधीच कळणार नाही. आवाज मात्र मी त्यांचा तसा आधी ऐकला नव्हता.

“मीच आणली पिशवी. सांगलीहून. मला वाटायचं, ही... कसं सांगू. दार मी फोडलं, दवाखान्यात मी नेलं, डॉक्टरीणबाई बोलल्या ते शेजारी बसून ऐकलं. तरी मनात किडा होता. हिला दिसतंय, असं वाटायचं. माझ्यावर राग आहे म्हणून ओळख देत नाही, असं वाटायचं. न्हाणीत पुठ्ठा मी मारला होता ना. त्याचा राग.” ते थांबले. “भाऊसाहेब, खोटं वागायचं असतं तर सगळं सामान मी तिच्या हातात दिलं होतं. तिनं घेतलं नाही. आता आणखी काय फेकायचं असंल तर माझ्यावर फेका.”

मी जयसिंगना कधीच म्हटलं नव्हतं, की तुमच्या पुठ्ठ्यामुळे झालं. मनातही आणलं नव्हतं. आणि हा माणूस इतके महिने माझ्या प्रत्येक ‘कोण?’ मध्ये तेच ऐकत होता.

“असू दे, असू दे,” भाऊसाहेब म्हणाले. पेचात सापडलेला पैलवान जसा अंग चोरून घेतो, तसं त्यांनी बोलणं फिरवलं. “लबाड नाही म्हणू आपण. घटकाभर धरून चालू. पण मग तर दिसत न्हाई हेच खरं ठरलं. दिसत न्हाई ती बाई पोरींना खेळ काय शिकवणार? पोरगी पडली, तर कोण पडली ते तरी कळंल का?”

हा प्रश्न योग्य होता. मी तो स्वतःला अनेकदा विचारला होता.

“उभी असली तर कळणार नाही,” मी म्हणाले. “पळायला लागली की बहुतेक कळेल. एकीची टाच आधी पडते, दुसरी एक खांदा पाडून पळते. हाक मारली की लगेच कळेल. हजेरी, गुण, वाचायचं-लिहायचं, हे मला जमणार नाही. ते दुसऱ्या कुणाकडे द्या. शर्यतीची पंच म्हणून मला बसवू नका. पण येणाऱ्या चेंडूखाली हात कसा न्यायचा, गुडघा कधी वाकवायचा, ते मला आजही जमतं. तुम्हीच आत्ता बघितलंत. मी पोरींना तेवढंच शिकवत आलेय. चेंडूचं नाव काय, असं मी कधी शिकवलेलं नाही.”

लोखंडे बाई हसल्या. भाऊसाहेब हसले नाहीत.

“कार्यकारिणीपुढं ठेवतो. विचार करून कळवू. तोवर मैदानात पाय ठेवायचा न्हाई.”

“तुम्ही विचार करा,” मी म्हणाले. “पोरींची जिल्ह्याची स्पर्धा जवळ आलीय. मी उद्या सकाळी येतेय.”

“मी काय म्हणालो ते ऐकू आलं न्हाई का?”

“कान चांगले आहेत, भाऊसाहेब. डॉक्टरांनी तेही तपासलंय.”

बाहेर आल्यावर जयसिंग माझ्या डाव्या बाजूनं चालत होते. बाजारपेठेतून, गर्दीतून. मी कुणाला धडकले नाही, आणि त्यांनी माझा दंड धरला नाही. भाजीवाल्यांच्या ओळीपाशी ते म्हणाले, “पुठ्ठ्याचा राग आहे ना तुझ्या मनात?”

“थंडी मला वाजत होती. तुम्ही माझ्यासाठी मारला होतात.”

“मला आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही विचारलंत कधी? नवा शर्ट घालून दारात उभे राहिलात.”

ते एकदम थांबले. मागून येणारा सायकलवाला त्यांच्यावर ओरडून गेला. मग त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाले, “मेथी घेऊ का?”

“घ्या.”

कार्यकारिणीनं काय ठरवलं, ते मला कधीच अधिकृतपणे कळलं नाही. बैठक आज होणार, उद्या होणार, असं चालत राहिलं. भाऊसाहेबांनी मला पुढं कधी ‘या’ म्हटलं नाही. काही महिन्यांनी ‘येऊ नका’ म्हणायचंही सोडलं. लोखंडे बाईंनी एक दिवस हजेरीपटावर माझं नाव पुन्हा घातलं आणि कुणी ते खोडलं नाही. पोरी त्या वर्षी जिल्ह्याला पहिल्याच सामन्यात हरल्या, पुढच्या वर्षी दुसऱ्यात. त्यानंतर जिंकायलाही लागल्या. मी त्याच मैदानावरून निवृत्त झाले. आकार अजून आलेले नाहीत. मुजावर डॉक्टर म्हणतात, आता येणार नाहीत. माझ्याकडे शिकलेल्या मुली भेटायला येतात, मी “कोण?” विचारते, त्या नाव सांगतात, आणि आम्ही बोलायला लागतो.

पण सांगायची राहिली ती चौकशीनंतरची सकाळ.

मी शिट्टी गळ्यात घातली आणि निघाले. जयसिंग कामावर जायच्या आधी सोबत आले होते. मैदान शाळेच्या मागं, त्याला वेगळं फाटक. लांबूनच पोरींचा कालवा आणि चेंडूचा टप-टप आवाज येत होता. फाटकापाशी वॉचमन दगडूमामा होते. विडी विझवल्याचा वास आला.

“बाई,” ते ओशाळून म्हणाले, “फाटक लावलंय. भाऊसाहेबांचा रातच्यालाच निरोप आलाय. तुमास्नी आत सोडायचं न्हाई म्हनून.”

माझ्यासमोर निळा रंग होता. गंजाचे तांबूस डाग होते. त्यातून पलीकडची लाल माती आणि पोरींचे पिवळे टी-शर्ट हलताना दिसत होते. जयसिंग काहीतरी बोलायला पुढं झाले. मी त्यांना हातानंच थांबवलं.

मग तोच हात वर गेला. बोटं आडवी झाली, लोखंडी कडीखाली सरकली, आणि कडी उचलली गेली. फाटक करकरत उघडलं. आतला कालवा थांबला. एका पोरीनं “बाई आल्या!” म्हणून किंकाळी मारली.

“आवो बाई!” दगडूमामा मागून कळवळून म्हणाले. “आता म्या त्यास्नी काय सांगू?”

मी आत पाऊल टाकलं.

“सांगा,” मी म्हणाले, “बाईंना फाटक दिसलंच नाही.”